माळ्यावरच्या कॅसेट-सीडी कॉम्प्युटरमध्ये साठवताय? मग 'ही' एक चूक टाळा, कारण गेलेला आवाज परत येत नाही

दिवाळीची साफसफाई निघते आणि माळ्यावरून बुटांचा एक जुना खोका खाली येतो. आत काय, तर वीस-पंचवीस कॅसेट आणि दहा-बारा सीडी. काहींवर छापील कव्हर आहे, नाट्यगीतांचं, अभंगांचं, जुन्या सिनेमांचं. काहींवर फक्त बॉलपेननं लिहिलेलं असतं, 'आईचं गाणं, गणपती १९९१' किंवा 'आजीच्या ओव्या'.

घरात आता टेपरेकॉर्डर नाही. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. मग कोणीतरी सुचवतं, "दुकानात देऊन सगळं पेनड्राइव्हवर एमपीथ्री करून घेऊ आणि खोका टाकून देऊ."

इथेच थांबायचं. एमपीथ्री करून मूळ वस्तू फेकून देणं, हीच ती चूक. असं का आणि त्याऐवजी काय करायचं, हेच इथे समजून घेऊ.

आधी हे कळू दे, की गाणं 'आकड्यांत' कसं जातं

सीडी बाजारात आली १९८२ साली. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून तिचे नियम ठरवले होते. आवाज म्हणजे हवेतली लाट. सीडीसाठी ही लाट एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजली जाते. प्रत्येक मोजमाप १६ बिटमध्ये लिहिलं जातं, म्हणजे आवाजाच्या उंचीसाठी ६५,५३६ पायऱ्या मिळतात.

४४,१०० हाच आकडा का? माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. गणित असं सांगतं, की एखादी लाट पुन्हा जशीच्या तशी उभी करायची असेल तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. २० हजारांची दुप्पट ४० हजार. त्यावर थोडी मोकळी जागा ठेवली आणि आकडा ठरला ४४,१००.

आता डावा आणि उजवा असे दोन आवाज धरले, तर एका सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात. यालाच १,४११ केबीपीएस म्हणतात. एका मिनिटाच्या गाण्याला सुमारे साडेदहा एमबी लागतात. आज हे किरकोळ वाटेल. पण नव्वदच्या दशकात अख्खी हार्ड डिस्कच काहीशे एमबीची असायची आणि इंटरनेट फोनच्या वायरीतून रांगत यायचं. एवढं मोठं गाणं ठेवणार कुठे आणि पाठवणार कसं?

एमपीथ्रीनं जागा वाचवली, पण कशाच्या बदल्यात?

या अडचणीवर उत्तर शोधलं जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे त्यातलं महत्त्वाचं नाव. कल्पना हुशारीची होती. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला? ते काढून टाका.

गंमत म्हणजे ही पद्धत घासूनपुसून नीट करताना त्यांनी अमेरिकन गायिका सुझान वेगा हिचं 'टॉम्स डायनर' हे गाणं पुन्हा पुन्हा वापरलं. त्यात एकही वाद्य नाही, नुसता गळा. सुरुवातीला हाच साधा आवाज सगळ्यात जास्त बिघडायचा. १९९५ मध्ये या फाइलला .mp3 ही ओळख मिळाली आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

३२० केबीपीएसची चांगली एमपीथ्री बहुतेकांना मूळ सीडीपासून वेगळी ओळखता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण १२८ किंवा त्याहून कमी केबीपीएसची फाइल असेल तर भजनातले टाळ ऐका. टाळांचा 'खण्ण' असा टोकदार ठोका चरचरीत, पाण्यात बुडाल्यासारखा वाटायला लागतो. टाळ्यांच्या कडकडाटाचंही तेच होतं.

आणि खरी अडचण पुढेच आहे. एमपीथ्रीनं काढून टाकलेला भाग कायमचा जातो. त्या फाइलची उद्या दुसऱ्या प्रकारची फाइल केली तर आणखी काही जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं.

बरेच जण एमपीथ्रीचं रूपांतर मोठ्या फाइलमध्ये करतात आणि क्वालिटी वाढली असं समजतात. अर्धा लिटर दूध दोन लिटरच्या पातेल्यात ओतलं म्हणून दोन लिटर होत नाही. इथेही पातेलं मोठं होतं, दूध तेवढंच राहतं.

मग उपाय काय? फ्लॅक

घरातली गोधडी कपाटात मावत नसेल तर दोन मार्ग आहेत. एक, तिच्या कडा कापून ती लहान करायची. दोन, नीट घडी घालून दाबून ठेवायची. एमपीथ्री म्हणजे कापलेली गोधडी. फ्लॅक म्हणजे घडी घातलेली. उलगडली की पूर्ण मिळते, एक टाकाही कमी नाही.

फ्लॅक हे नाव 'फ्री लॉसलेस ऑडिओ कोडेक' याचं लघुरूप. जॉश कोलसन या प्रोग्रॅमरनं ते बनवलं आणि २००१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. ते पहिल्यापासून मोफत आणि खुलं आहे, कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेनं त्याचं अधिकृत मानकही प्रसिद्ध केलं. याचा अर्थ, पन्नास वर्षांनी ही फाइल उघडायची कशी हे लिहून ठेवलेलं असेल.

सीडीवरचं गाणं फ्लॅकमध्ये साधारण निम्म्या जागेत बसतं. एक अख्खी सीडी तीनशे ते चारशे एमबी. म्हणजे एक टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर अडीच हजारांच्या आसपास सीडी मावतात. एवढ्या सीडी किती घरांत असतील? एमपीथ्री ज्या जागेच्या टंचाईतून जन्माला आली, ती टंचाई आता घरापुरती तरी उरलेली नाही.

आयफोन आणि मॅक वापरणाऱ्यांसाठी ॲपलचा अलॅक हा असाच पर्याय आहे. तोही काही कापत नाही. फ्लॅकमधून अलॅक किंवा अलॅकमधून फ्लॅक केलं तरी आवाजातलं काही जात नाही.

सीडी उतरवताना

लॅपटॉपला यूएसबीनं जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह चालतो. पण नुसतं कॉपी-पेस्ट करू नका. गाण्याच्या सीडीवर नेहमीसारख्या फाइल नसतात आणि ओरखडा असेल तिथे ड्राइव्ह अंदाजानं जागा भरून पुढे जातो. आपल्याला कळतही नाही.

म्हणून विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' आणि मॅकवर 'एक्सएलडी' ही सॉफ्टवेअर वापरतात. चुकीची शंका आली की ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतात. शिवाय 'ॲक्युरेटरिप' नावाची सोय आहे. जगात इतरांनी तीच सीडी उतरवली असेल तर तुमची कॉपी त्यांच्या कॉपीशी जुळते का, हे ती तपासून सांगते. जुळली, तर कॉपी बरोबर उतरली असं समजायला हरकत नाही.

कॅसेटचं काम जास्त नाजूक

कॅसेटमध्ये आकडे नसतात. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर असतो आणि आवाज त्यात असतो. दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, त्यावर पांढरी बुरशी धरते. पट्टी चिकटते, ताणते, तुटते. चांगले टेपरेकॉर्डर आणि ते दुरुस्त करणारी माणसंही कमी होत चालली आहेत. म्हणजे घड्याळ दोन्ही बाजूंनी चालू आहे.

घरी करायचं असेल तर क्रम असा ठेवा.

सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेला असलेले दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे बघा. ते शाबूत असतील तर मोडून टाका. ते मोडले की त्या कॅसेटवर चुकूनही रेकॉर्डिंग होत नाही. नाहीतर एक चुकीचं बटण आणि आजीच्या ओवीवर शांतता रेकॉर्ड व्हायची.

पट्टीवर बुरशी दिसत असेल तर ती घरी वाजवू नका, जाणकाराकडे द्या. चांगली असेल तर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे पट्टीचा ताण सारखा होतो. टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसा आणि सुकू द्या.

आता जोडणी. आजच्या बऱ्याच लॅपटॉपला एकच गोल छिद्र असतं. त्यातून आवाज आत घ्यायला गेलं तर फक्त माइकचा, तोही एकाच बाजूचा आवाज येतो. म्हणून लाइन-इन असलेलं यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावं लागतं. टेपरेकॉर्डरचं लाइन-आउट त्यात, आणि ते लॅपटॉपला.

सॉफ्टवेअर म्हणून 'ऑडॅसिटी' मोफत आहे. रेकॉर्डिंग २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. आवाजाची पट्टी शून्य डेसिबलला टेकू देऊ नका. सगळ्यात मोठा सूरसुद्धा उणे सहाच्या आसपास राहिला पाहिजे. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि तो शिवता येत नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, इथे शॉर्टकट नाही. तेवढ्या रेकॉर्डिंगची वेव फाइल दीड जीबीच्या आसपास होते. फ्लॅक केलं की ती बरीच लहान होते.

खरखर काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. काढा, पण कॉपीवर. मूळ रेकॉर्डिंग जसं आलं तसं वेगळं ठेवा. खरखर काढताना श्वास, तंबोऱ्याची आस, मागे बसलेल्या कोणाचं 'वाह' हेही निघून जातं. शिवाय ही सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारत आहेत. आज घाईनं साफ केलेलं उद्या जास्त चांगलं साफ करता आलं असतं, पण त्यासाठी मूळ रेकॉर्डिंग हातात हवं.

नावं नीट नसतील तर गाणं असून नसल्यासारखं

फाइलच्या पोटात गाण्याची माहिती लिहिता येते, त्याला टॅग म्हणतात. परदेशी संगीतासाठी कलाकार, अल्बम, वर्ष एवढं पुरतं. आपल्याकडे गायक वेगळा, कवी वेगळा, संगीतकार वेगळा. शास्त्रीय असेल तर राग आणि ताल.

गीतरामायणाचंच घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते सादर झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, एकूण ५६ गीतं. रेडिओवर ही गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढे घरोघरी पोचलं ते बाबूजींच्या आवाजातलं गीतरामायण. तुमच्या फाइलवर फक्त 'गीतरामायण ०७' लिहिलं असेल तर ते कोणाचं, कुठलं, हे दहा वर्षांनी कोण सांगणार?

त्यात एका फाइलवर 'गदिमा', दुसरीवर 'ग. दि. माडगूळकर' आणि तिसरीवर इंग्रजीत काहीतरी तिसरंच लिहिलं तर कॉम्प्युटरसाठी ती तीन वेगळी माणसं होतात. म्हणून एक पद्धत ठरवा आणि तीच पाळा. 'एमपीथ्रीटॅग' किंवा 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड' यांत हे काम मोफत होतं आणि मराठीत लिहिलेलंही चालतं. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये कोण गातंय, कुठे, कोणत्या साली, हे ज्यांना माहीत आहे ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

आता ऐकायचं कसं?

विंडोजवर 'फूबार २०००' आणि 'म्युझिकबी', किंवा सगळीकडे चालणारं 'व्हीएलसी', यातलं काहीही पुरेसं आहे. एवढं लक्षात ठेवा, की विंडोज सगळे आवाज एकत्र करताना गाण्याचे आकडे बदलू शकतं. फूबारमध्ये 'वासापी एक्सक्लुझिव्ह' हा पर्याय निवडला की गाणं मधल्या ढवळाढवळीशिवाय पुढे जातं.

कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचं पुन्हा आवाजात रूपांतर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. तो प्रत्येक लॅपटॉप-मोबाइलमध्ये असतोच. हेडफोन लावल्यावर बारीक सूं सूं ऐकू येत असेल तर बाहेरचा छोटा यूएसबी डॅक घेतल्यानं फरक पडतो. नसेल येत तर घाई नाही. पैसे घालायचेच असतील तर आधी हेडफोन किंवा स्पीकरमध्ये घाला, कारण सगळ्यात जास्त फरक तिथेच कळतो.

ब्लूटूथचं एक आहे. त्यावरून जाताना गाणं सहसा पुन्हा कापलं जातं. बसमध्ये, चालताना त्यानं काही बिघडत नाही. पण निवांत बसून ऐकायचं असेल तर वायर लावा.

घरातल्या सगळ्यांना आपापल्या मोबाइलवर हीच गाणी हवी असतील तर जुना लॅपटॉप कामाला येतो. त्यावर 'जेलीफिन' किंवा 'नॅविड्रोम' टाकलं की घरच्या वायफायवर स्वतःचं छोटं म्युझिक ॲपच तयार होतं. जाहिराती नाहीत, महिन्याचे पैसे नाहीत.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ हवंच का?

'हाय-रेझ'चं सोनेरी स्टिकर पाहून हा प्रश्न पडतोच. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाय-रेझ आवाज आणि तोच सीडीच्या दर्जावर आणलेला आवाज, यातला फरक ऐकणाऱ्यांना ओळखायचा होता. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर आलं. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी असे १८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. प्रशिक्षण घेतलेल्यांचं थोडं जास्त होतं. म्हणजे फरक असलाच तर फार बारीक आहे.

रेकॉर्डिंग करताना २४ बिट उपयोगी पडतं, कारण पुढे दुरुस्तीला वाव राहतो. ऐकायला सीडीइतका दर्जा भरपूर झाला. मूळ रेकॉर्डिंग चांगलं असणं या आकड्यांपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे.

'सगळं ॲपवर आहे की!'

खरंय, आज ॲपवर कोट्यवधी गाणी आहेत. पण ती आपली नसतात, भाड्यानं असतात. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं. विंक म्युझिक २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं. हक्कांचे करार संपले की चालू ॲपवरूनही गाणी गायब होतात.

आणि 'क्लाउडवर टाकलंय' म्हणून निश्चिंत असाल तर मायस्पेसची गोष्ट ऐका. एके काळी जगभरातले नवे कलाकार आपली गाणी तिथेच टाकायचे. मार्च २०१९ मध्ये कळलं, की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंतची गाणी नष्ट झाली आहेत. तो आकडा सुमारे ५ कोटी असल्याचं सांगितलं गेलं. पुढे त्यातली ४ लाख ९० हजारांच्या आसपास गाणी इंटरनेट अर्काइव्हवर परत आली. कशी? कारण काही अभ्यासकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांची एक कॉपी स्वतःकडे ठेवली होती.

म्हणून बॅकअपचा '३-२-१' नियम पाळा. तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक गावच्या घरी किंवा बहिणीकडे. फ्लॅकचा इथे आणखी एक फायदा आहे. मूळ आवाजाची आकडेमोडीची एक खूण त्या फाइलमध्येच असते. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी तपासून फाइल शाबूत आहे की बिघडली, हे न ऐकताही कळतं.

कायद्याचंही थोडं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी, वैयक्तिक वापरासाठी रास्त मर्यादेत सूट देतं. म्हणजे विकत घेतलेली सीडी स्वतःला ऐकण्यासाठी उतरवणं वेगळं आणि तीच टेलिग्राम ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकणं वेगळं. ती सूट दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही.

सुरुवात कुठून करायची?

खोक्यात पंचवीस कॅसेट असतील तर आधी बॉलपेननं लिहिलेल्या उचला. छापील कव्हरची कॅसेट हजारो लोकांकडे असते. ते गाणं कुठल्या ना कुठल्या ॲपवर, संग्राहकाकडे, रेडिओच्या संग्रहात सापडण्याची शक्यता तरी आहे. 'आजीच्या ओव्या' मात्र जगात एकाच पट्टीवर आहेत.

ती आधी उतरवा, फ्लॅकमध्ये ठेवा, तीन कॉपी करा. मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायला हवी तितकी एमपीथ्री काढा, त्यासाठी एमपीथ्री उत्तम आहे. आणि सगळं झाल्यावरही ती कॅसेट फेकू नका. कोरड्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवून द्या.